लिफ्टचं दुखणं

५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी आज मला काहीही झालेलं नाही असं निदान केलं आणि त्यावर औषध म्हणून ही वही लिहून दिली. "रोज थोडं लिहा, मन मोकळं करा. बायकांचं अर्धं दुखणं मनातच असतं," म्हणाले. उरलेलं अर्धं कुठे असतं ते विचारायचं राहून गेलं. सोनोग्राफी स्वच्छ, रक्त उत्तम, चेहऱ्यावर तेज. आजारी म्हणून मी अगदीच नापास झाले.

थोडा दोष माझ्या आवाजाचाही आहे. बँकेला फोन केला की "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं जी गोड बाई सांगते, ती मी. पार्किंगचं यंत्र, दवाखान्याचा फोन, पाण्याचं बिल, सगळीकडे मीच. इतकी वर्षं हेच करून समोर जरा मोठा माणूस दिसला की तोच आवाज आपोआप सुरू होतो. डॉक्टरांनी विचारलं, किती दुखतं? मी म्हणाले, "पाळीच्या दिवसांत उभं राहता येत नाही, डॉक्टर. कधीकधी उलटी होते." पण असं म्हणाले, जणू काही पुढे 'अधिक माहितीसाठी दोन दाबा' येणार आहे. डॉक्टर मान डोलावत होते. शेवटी म्हणाले, "काय गोडवा आहे हो तुमच्या आवाजात!"

निघताना म्हणाले, एक मूल होऊ द्या, सगळं जागच्या जागी बसेल. आम्ही दुसरी कसली वाट बघतोय?

९ फेब्रुवारी

आज लिफ्ट झाले. तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत, शिवाय "दार बंद होत आहे" आणि "कृपया दारापासून दूर उभे राहा". नेमका पाळीचा दुसरा दिवस. गरम पाण्याची पिशवी पट्ट्याने पोटाला बांधली आणि माइकसमोर बसले. काचेपलीकडे हेडफोन. त्याचं हे नाव मीच पाडलं आहे, कारण गळ्यात हेडफोन नसलेला तो कोणी पाहिलेला नाही. माझे श्वास, आवंढे, जिभेची टकटक कापून मला यंत्रासारखं स्वच्छ करणं हे त्याचं काम.

"ताई, पाचव्या मजल्यावर 'आई गं' आलंय."

"काप ना."

"कापतो. सहाव्यावर श्वास आहे, स्स् असा, दातांतून. आणि सातव्यावर काय म्हणालात?"

"मेले म्हणाले."

"बरं. तेही कापतो."

भला माणूस आहे. कधी काही विचारत नाही. त्याने आजवर कापलेले माझे श्वास एकत्र केले तर अख्खी दुसरी बाई उभी राहील.

१९ फेब्रुवारी

हे लिहू की नको? मोकळं व्हा म्हणालेत, तर होतेच.

काल नवरा जवळ आला. माणूस मायाळू आहे, घाईगर्दीचा नाही, नाव ठेवायला जागा नाही. आणि तरीही एका क्षणी आत, खूप खोल, कोणीतरी ओल्या जखमेवर अंगठा दाबावा तसं होतं. मी दातांतून श्वास ओढते आणि लगेच "छान" म्हणते. माझं 'छान' बाजारात चालतं, एका साबणाच्या जाहिरातीत आहे. त्यालाही ते पटतं. मग आज दिवसभर मी वाकून चालतेय आणि सगळ्यांना सांगतेय की पाठ अवघडली.

सांगून टाकावं असं दर वेळी ओठांवर येतं. पण सांगितलं तर तो जवळ यायचाच थांबेल, आणि मग आम्ही दोघं एका घरात राहणारी दोन सभ्य माणसं होऊ. मला ती भीती दुखण्यापेक्षा मोठी वाटते. म्हणून 'छान'.

१ मार्च

लिफ्टवाल्यांनी रेकॉर्डिंग परत पाठवलं. आवाजात जीव नाही, म्हणे. आता लिफ्टला जीव कशाला हवा? हेडफोन म्हणाला, "बघतो मी ताई, काहीतरी पाठवतो त्यांना." मी विषय सोडून दिला.

आईचा फोन आला होता. मी नेहमीचं रडगाणं गायले. तिचं नेहमीचं उत्तर: "अगं, प्रत्येकीला होतं. मला व्हायचं तेव्हा मी स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडायचे. गार वाटायचं. मग उठायचे आणि कामाला लागायचे. कधी बोलले का?"

नाही बोललीस हे खरं. मला लहानपणी वाटायचं, आईला फरशी आवडते.

१४ मार्च

नवरा घामाने निथळत घरी आला. गेले काही दिवस हे चाललंय. विचारलं तर म्हणाला, ऑफिसात जिन्याने जातो. त्याचं ऑफिस सातव्या मजल्यावर. हा माणूस खालच्या दुकानात दूध आणायला गाडी काढतो!

चाळिशीच्या तोंडावर पुरुष दोन कारणांनी वजन उतरवतात. एक तर डॉक्टर सांगतो, नाहीतर एखादी बाई आवडते. डॉक्टरकडे तो गेलेला नाही.

२० मार्च

तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. कारण काय, तर पाठ. पाठीचं कारण या घरात कोण वापरतं हे त्याला माहीत नाही.

आणखीही चमत्कारिक गोष्टी आहेत. गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलतो, मी गेले की गप्प. परवा एकदम विचारलं, "तुझी तारीख कधी असते गं?" लग्नाला एवढी वर्षं झाली, हा प्रश्न पहिल्यांदा. मी फोडणी टाकताना, गादी झटकताना जरा श्वास ओढला की माझ्या तोंडाकडे बघत राहतो, आणि मी बघितलं की नजर वळवतो. किळस आली असेल. सारखी पोट धरून बसणारी बायको कोणाला आवडेल?

"तू ठीक आहेस ना?" असं आज जेवताना विचारलं. मी म्हणाले, "एकदम मजेत!" हातातला घास ताटात ठेवून उठला. आता यात रागावण्यासारखं काय होतं?

२ एप्रिल

हेडफोनने आज माझ्यासाठी चहा आणला, तेव्हाच ओळखलं की याने काहीतरी घाण करून ठेवली आहे.

लिफ्टवाल्यांना जीव हवा होता, म्हणून त्याने न कापलेलं रेकॉर्डिंग पाठवलं. सगळ्या श्वासांसकट. त्याला वाटलं, ते ऐकतील आणि हवं तेवढं ठेवतील. त्यांनी न ऐकता थेट एका मोठ्या कचेऱ्यांच्या इमारतीत बसवलं. तिथली लिफ्ट गेला महिनाभर कण्हते आहे. "पाचवा मजला. आई गं." "सहावा मजला. स्स्." "सातवा मजला. मेले."

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी तक्रार गेली की लिफ्टला त्रास होतोय. आणि त्याच दिवशी, त्याच दिवशी बरं का, तीन इंजिनियर धावत आले. दोर बदलले, चाकांना तेल घातलं, खड्ड्यात उतरून बघितलं. काही सापडलं नाही. पण "काही झालेलं नाही" असं कोणीही म्हणालं नाही. म्हणाले, अजून तपासावं लागेल.

आता तिथले लोक पाचव्या मजल्याला जायचं असेल तर चौथ्यावरच उतरतात आणि एक जिना चढतात, तिला पाचवा म्हणायला लागू नये म्हणून. एकावेळी चारच जण आत जातात. जड खोकी जिन्याने नेतात. वजनदार लोकांनी आपणहून लिफ्ट सोडली. दुपारी एक तास तिला विश्रांती असते, तेव्हा पहारेकरी दारासमोर स्टूल टाकून बसतो आणि लोकांना हळू बोला सांगतो.

हे ऐकून मी इतकी हसले की पोटात कळ आली आणि माइक चालू होता.

"हेही कापू का?" हेडफोनने विचारलं.

इमारतीचा पत्ता बघितला तर नवऱ्याच्या ऑफिसचीच इमारत! पण मग आठवलं, तो तर जिन्याने जातो. त्याच्या कानावर काही पडलं नसणार. जीव भांड्यात पडला.

४ एप्रिल

राहवेना म्हणून गेले बघायला. नवरा कामानिमित्त बाहेरगावी जाणार होता, तो दिवस निवडला. पाळी दोन दिवस आधीच येऊन बसली होती, तरी गेले.

लिफ्ट चकाचक. आत बटणांखाली कोणीतरी कागद चिकटवलेला: "कृपया दार आपटू नये, तिला सहन होत नाही." माझ्याबरोबर एक फायली घेतलेले गृहस्थ आणि उंच टाचांच्या दोघी. त्या दोघींनी आत येण्याआधी चपला हातात घेतल्या. मी पाचव्याचं बटण दाबलं.

तिसऱ्या मजल्याच्या पुढे मला खरी कळ आली. डोळ्यांपुढे काजवे. मी कठड्याला धरून खाली बसले आणि तोंडातून "आई गं" निघालं, मोठ्याने. त्याच क्षणी वरून माझाच आवाज आला: "पाचवा मजला. आई गं."

गृहस्थांचा चेहरा कळवळला. त्यांनी हात पुढे केला आणि बटणांच्या पत्र्यावर हलकेच थोपटलं. "आज जास्तच दिसतंय बिचारीला," ते म्हणाले. टाचांवाली म्हणाली, "हो ना. सकाळपासून ऐकवत नाहीये." आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही जरा उभ्या राहता का? असं एका जागी वजन टाकलं की तिला त्रास होतो."

मी उभी राहिले. सवयीने "माफ करा" म्हणाले, गोड आवाजात. कोणी ओळखलं नाही.

घरी येऊन स्वयंपाकघरात फरशीवर पालथी पडले. गार वाटतं हे खरं आहे.

९ एप्रिल

आज जे झालं ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

इमारतीच्या समितीने स्टुडिओला पत्र पाठवलं होतं की आवाज देणाऱ्या व्यक्तीने समक्ष येऊन लिफ्टच्या दुखण्याबद्दल खुलासा करावा. हेडफोनने हात वर केले. गेले मी एकटीच. सातव्या मजल्यावरची सभागृहासारखी खोली, लांबलचक टेबल, भोवती दहाबारा माणसं. अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. त्यांच्या शेजारी एक वकीलबाई. आणि टेबलाच्या त्या टोकाला, सातव्या मजल्याचा प्रतिनिधी म्हणून, माझा नवरा.

त्याला समितीवर घेतल्याचं मला कधी बोलला नव्हता. मला बघून पांढराफटक पडला. कोणालाच माहीत नव्हतं की आम्ही नवराबायको आहोत, आणि त्या वेळी आम्ही दोघांनीही ते सांगितलं नाही.

मी उभी राहून सांगितलं, "हे बघा, लिफ्टला काही झालेलं नाही. तो माझा आवाज आहे. त्या दिवशी मला बरं नव्हतं."

"हो, हो, आवाज तुमचाच," अध्यक्ष म्हणाले, "पण दुखणं लिफ्टचं. आपण लिफ्टबद्दल बोलू. त्रास साधारण कधीपासून आहे?"

मी वाद घालणार होते. पण मग मनात आलं, हा प्रश्न आजपर्यंत मला कोणी विचारलेला नाही. म्हणून खरं उत्तर दिलं. "शाळेत असल्यापासून."

वकीलबाईंनी लिहून घेतलं. लिफ्ट शाळेत कशी गेली असं कोणालाही वाटलं नाही.

"ठणका आहे की कळ?" हे अध्यक्षांनी. दातवाल्याला फरक कळतो.

"कळ. मधूनमधून ठणका. कमरेतून मांडीपर्यंत उतरतो."

"सतत असतं?"

"आधी महिन्यातून चार दिवस असायचं. आता चार दिवस सोडून बाकी महिना असतं."

"आणि कामावर परिणाम?" वकीलबाई.

"काम थांबवलं नाही कधी. मजला चुकू दिला नाही."

सगळ्यांनी चुकचुकाट केला. मागून कोणीतरी म्हणालं, "याला म्हणतात निष्ठा." एवढी माणसं माझ्याकडे बघत होती, माना हलवत होती, एकाने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी बोलत गेले. उलट्या, जुलाब, ताप आल्यासारखं अंग, रडू, चिडचिड, ठरवलेली सहल ऐन वेळी रद्द करणं, सगळं. मधेच लक्षात आलं की मी गोड आवाजात बोलत नाहीये. माझा आवाज चक्क घोगरा आहे.

मग अध्यक्षांनी कागद बघून अगदी सरळपणे विचारलं, "वजन पडलं की दुखतं का?"

मी टेबलाच्या त्या टोकाकडे बघितलं. नवरा माझ्याकडेच बघत होता.

"हो," मी म्हणाले. "फार."

त्याने मान खाली घातली. मग हळूच हात वर केला आणि अध्यक्षांना म्हणाला, "मला वाटतं, या दुखण्याची आपण नोंद घ्यायला हवी. ते खरं आहे."

ठराव मांडला गेला: लिफ्टचं दुखणं खरं असून त्यावर तज्ज्ञांकडून उपचार व्हावेत. सर्वानुमते मंजूर. मी तिथेच ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, कलावंत बाई आहे, हळवी असणारच.

मी खाली जायला लिफ्टकडे चालले होते, नवऱ्याने मला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं. दोन मजले उतरलो. मग तो म्हणाला, "पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा लिफ्ट भरलेली होती. सगळे हसले. सहाव्या मजल्यावरचा तो श्वास ऐकला आणि मी तिथेच उतरलो."

"का?"

"तो घरचा श्वास आहे. आपल्या दोघांतला. तू असा श्वास घेतेस आणि मग 'छान' म्हणतेस. लिफ्टमध्ये नुसता श्वासच होता, पुढे 'छान' नव्हतं. तेव्हा कळलं." तो पायरीवर बसला. "मला इतकी वर्षं वाटायचं, तो सुखाचा श्वास आहे. लोक मला खोटे विम्याचे दावे शोधायला पगार देतात. आणि घरात मी हे..."

मीही बसले.

"मग बाहेरच्या खोलीत का पळालास?"

"हात लावायची भीती वाटायला लागली. आणि विचारलं की तू मजेत असतेस."

"मला वाटलं, तुझं दुसरीकडे कुठे जमलं."

"कुठे?"

"मला काय माहीत! रोज सात मजले चढून कोणाकडे तरी जात असशील."

"सात मजले चढून माणूस फक्त धापा टाकू शकतो," तो म्हणाला, आणि दोघंही हसायला लागलो. वरून खोकी घेऊन उतरणारा माणूस आम्हाला ओलांडून जाताना म्हणाला, "हळू हसा. आज तिला जास्त आहे."

गॅलरीतले फोन डॉक्टरांना होते. बायकोला न सांगता बायकोच्या दुखण्यासाठी वेळ मागणारा नवरा म्हणून तीन दवाखान्यांनी त्याला हाकललं होतं. चौथ्या ठिकाणी वेळ मिळाली आहे. मी चिडायला हवं होतं. म्हणजे चिडलेच, पण उद्या चिडेन असं म्हणून ठेवलं.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाई बुटक्या, चष्मा कपाळावर, बोलायला खडखडीत. विचारलं, किती दुखतं? माझं सुरू झालं, "तसं अधूनमधून जरा..."

"लिफ्टमधल्यासारखं सांग," नवरा म्हणाला.

सांगितलं. बाहेर बसलेल्या दोन बायका उठून दाराशी आल्या.

मग त्यांनी एकेक विचारलं, शौचाला दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, कुठे, वरवर की खोल, आईला असं काही होतं का. काही आडपडदा नाही आणि काही दया पण नाही, हे फार बरं वाटलं. तपासलं आणि नाव सांगितलं: एंडोमेट्रिऑसिस. गर्भाशयाला आतून जसं अस्तर असतं, तसलंच अस्तर बाहेर, नको तिथे वाढतं. दर महिन्याला तेही सुजतं, रक्ताळतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग आतल्या गोष्टी एकमेकींना चिकटून बसतात. साध्या सोनोग्राफीत ते पुष्कळदा दिसतच नाही.

"मूल झालं की बरं होतं ना?" मी विचारलं.

"मूल हवं असेल तर मुलासाठी होऊ द्या. गोळी म्हणून मूल जन्माला घालू नका. बिचाऱ्यावर केवढं ओझं!" मग चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, "हे मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. पण आटोक्यात आणता येतं. दुर्बिणीने आत बघू, चिकटलेलं सोडवू, मग गोळ्या."

आजार निघाला म्हणून कोणी इतकं आनंदी होतं का? मला त्यांच्या टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. घरी येताना नाव म्हणून बघितलं. एंडोमेट्रिऑसिस. कठीण आहे, पण पहिल्याच टेकमध्ये जमलं.

१७ एप्रिल

आईला फोन करून नाव सांगितलं. कशात काय होतं, काय चिकटतं, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "त्याला नाव आहे?"

फोन ठेवला. थोड्या वेळाने तिचाच परत आला. "पुन्हा एकदा सांग गं. हळू सांग."

१९ मे

शस्त्रक्रिया परवा झाली. पोटावर तीन बारीक भोकं आणि दुखतोय मात्र खांदा. पोट फुगवायला आत गॅस भरतात, तो म्हणे खांद्याला कळवतो. माझ्या शरीराला सरळ रस्त्याने कुठे जाताच येत नाही.

डावं अंडाशय आतड्याला चिकटलेलं होतं. सोडवलं. बऱ्याच ठिकाणचं काढलं, एकदोन ठिकाणचं नाजूक जागी होतं म्हणून सोडलं. डॉक्टरीणबाईंनी आतले फोटो दाखवले. नवऱ्याने ते ऑफिसात पुरावे बघतो तसे, डोळ्यांजवळ धरून, एकेक निरखले. "एवढं सगळं घेऊन तू मजले म्हणत होतीस?" म्हणाला. मग फोटो घेऊन बाहेर गेला आणि लवकर आत आला नाही.

१० जून

लिफ्टचं पुन्हा रेकॉर्डिंग केलं आणि बसवलंसुद्धा. आता ती ठणठणीत आहे. नवरा सांगत होता, इमारतीत पहिले दोन दिवस पेढे वाटावेत तसा आनंद होता. तिसऱ्या दिवशी वजनदार लोक परत आले, खोकी आली, दाराशी ढकलाढकली आली. पहारेकऱ्याचं स्टूल गेलं. चौथ्यावर उतरून पाचव्याला जिन्याने जाणारं कोणी उरलं नाही. बरी झाल्याबरोबर तिला कामाला जुंपलं.

काहींनी तर तक्रार केली म्हणे की नवा आवाज कोरडा आहे. हेडफोनला मी सांगून टाकलं, यापुढे माझे सगळे श्वास कापायचे नाहीत. त्याने विचारलं, कुठले ठेवू? म्हटलं, तूच ऐकून ठरव. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने विचारलं, "ताई, आता बरं आहे ना?" मी म्हणाले, पुष्कळ बरं आहे, पण अजून आहे. गोळ्यांनी अंगातून मधेच वाफा येतात आणि पेनचं टोपण पडलं तरी रडू येतं. तो ऐकत राहिला. कानाला हेडफोन नव्हता.

६ जुलै

डॉक्टरीणबाईंनी परवानगी देऊन बरेच दिवस झाले. आम्ही दोघंही तो विषय घरात पाहुणा बसलेला असावा तसा टाळत होतो. तो परत आतल्या खोलीत आलाय, पण झोपतो पलंगाच्या अगदी कडेला, हात छातीवर बांधून. दोनदा खाली पडला.

आज रविवार. दुपारी मीच त्याच्याकडे सरकले. मला भीती होती, त्याला तर माझ्याहून जास्त. दर क्षणाला विचारत होता, "दुखतंय का? आता? आणि आता?" शेवटी मला समितीत बसल्यासारखं वाटायला लागलं आणि मी त्याला गप्प केलं. सावकाश, सावकाश, जुन्या सवयी एकेक बाजूला ठेवत. बराच वेळ बरं होतं. खरोखर बरं होतं. मग एका जागी ते आलं, तो ओळखीचा अंगठा. श्वास आत गेला आणि सवयीने 'छान' जिभेवर येऊन बसलं.

मी म्हणाले, "थांब."

तो थांबला. झालं. इतकी वर्षं मी या एका शब्दाला घाबरत होते, आणि पुढे काहीच झालं नाही. तो उठून गेला नाही. बाहेरच्या खोलीत गेला नाही. आम्ही सभ्य माणसं झालो नाही. तो माझ्या शेजारी पडला आणि मी त्याच्या दंडावर डोकं ठेवलं. मग मी त्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं, कुठे, कसं, कुठल्या बाजूला वळलं की बरं असतं आणि काय केलेलं मला नुसतं आवडतं. त्यातलं निम्मं मला स्वतःलाही बोलता बोलताच कळलं. तो एकदाही हलला नाही. पडद्यावरचं ऊन भिंतीवर चढलं, खालच्या दुकानाचं शटर वर गेलं, मी बोलतेच आहे.

मधेच त्याच्या कपाळावर घाम दिसला. चेहरा विचित्र, ओठ घट्ट मिटलेले.

"हात दुखतोय का तुझा?" मी विचारलं.

"छे! अजिबात नाही," तो म्हणाला. "छान आहे."

"खरं सांग."

"तुटायला आलाय गं. मघापासून बोटं कळत नाहीयेत."

"मग सांगायचं ना!" मी ओरडले आणि डोकं उचललं. तो "मेलो, मेलो" करत उठून बसला, आणि मी त्याचा हात मांडीवर घेऊन मुंग्या जाईपर्यंत चोळत बसले.